एका वणव्याची दोन डुकरं

आग खालून वर जाते. आमच्या मिझो डोंगरांत हे शेंबड्या पोरालाही कळतं. उतरणीवरचं शेत पेटवायचं तर माणूस पायथ्याशी उभा राहतो, चूड लावतो आणि बाजूला होतो. आग आपली आपण वर चढते. तरीही त्या वर्षी मार्चमध्ये आमच्या ग्रामपरिषदेच्या सात शहाण्यांनी चहा पीत पीत ठरवलं, की आग वरून खाली आली. वर आमचं शेत होतं. खाली उपा हरांगछुनाचं.

उपा म्हणजे चर्चचा पंच. तसे आमच्या मंडळीत सहा आहेत, पण हरांगछुना सगळ्यांत जुने. उंच, वाळकुडे, पांढरे केस मागे वळवलेले. रविवारी त्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले की घरी चुलीवरचा भात करपायचा. त्यांच्यापुढे आम्ही कोण? माझा नवरा कापलुआंगा, त्याची म्हातारी आई, लग्नाला आलेली आमची पोरगी रेमी, आणि मी. कापलुआंगा पूर्वी प्यायचा. चार वर्षं झाली, थेंब शिवला नव्हता. पण आमच्या गावाला माणसाचं सुटलेलं व्यसन त्या माणसापेक्षा जास्त आठवतं.

दर डिसेंबरला चिठ्ठ्या टाकून उतरणीचे तुकडे वाटले जातात. जानेवारीत बांबू तोडायचा, दोन महिने उन्हात वाळवायचा, आणि परिषद सांगेल त्या दिवशी सगळ्यांनी मिळून पेटवायचा. त्याआधी शेताच्या कडेनं दहा हात रुंद पट्टा साफ झाडायचा, म्हणजे आग शेजारी उडी मारत नाही. बांबू खडखडीत वाळला तर राख बारीक पडते, भात वाढतो. ओलसर असताना पेटला तर काळी दांडकी उरतात, आणि वर्ष गेलं म्हणून समजायचं.

त्या वर्षी दिवस ठरला होता शनिवारचा. उपांना शुक्रवारी चर्चच्या मोठ्या सभेला दूर गावी जायचं होतं. म्हणून त्यांनी बुधवारीच, कुणाला न सांगता, आपला तुकडा पेटवला. पट्टा झाडलेला नव्हता. मी वरच्या कड्याला छपराचं गवत कापत होते. पायथ्याशी त्यांची लाल फीतवाली वेताची टोपी मला स्पष्ट दिसली, आणि टोपीच्या बाजूला धूर. मी ओरडले. वाऱ्यानं माझा आवाज माझ्याच तोंडात परत घातला. मी धडपडत खाली उतरेपर्यंत आमची उतरण पेटली होती. कापलुआंगा शेतातल्या खोपीत होता. तो बाहेर पळाला तेव्हा त्याच्या भुवया जळल्या होत्या. आमच्यासकट सात घरांची शेतं अर्धीकच्ची जळली.

दुसऱ्या दिवशी परिषद बसली. अध्यक्ष थानजाउआनं मला समोर उभं केलं.

"रेमीची आई, तुमचा नवरा त्या वेळी कुठं होता?"

"खोपीत."

"चूल पेटलेली होती?"

"चहा केला होता."

"झालं तर मग."

"काय झालं? आग काय पाणी आहे, खाली उतरायला?" मी म्हटलं. कुणीतरी हसलं. "पायथ्याशी उपांची टोपी मी या डोळ्यांनी बघितली."

उपा जमिनीकडे बघत होते. "मी बुधवारी शेतात गेलोच नाही," ते म्हणाले. "मी घरी संडेस्कूलचे कागद लिहीत होतो."

"मग टोपी एकटीच गेली होती का फिरायला?"

"तोंड सांभाळा," थानजाउआ म्हणाला. "बायको नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार. आणि काय हो, रेमीचे बाबा, पुन्हा चालू झालंय का तुमचं?"

कापलुआंगाला बोलता येत नाही असं नाही, पण चार माणसांत त्याची जीभ टाळूला चिकटते. "मी लावली नाही," एवढंच तो म्हणाला. तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं यानंच लावली.

दंड ठरला एक डुक्कर. आमच्याकडे जुना रिवाजच तसा आहे. संध्याकाळी दवंडीवाला चढाच्या प्रत्येक वळणावर थांबून माझ्या नवऱ्याचं नाव ओरडत गेला. सकाळी आमचं डुक्कर नेलं. दोन वर्षं मी त्याला अळूची पानं शिजवून घातली होती. रेमीच्या लग्नाला कापायचं होतं ते. परिषदेच्या घरापुढं ते कापलं, वाडगे घेऊन जमलेल्या बायकांना रस्सा वाटला, आणि नुकसान झालेल्या गावाचं तोंड गोड करायचं म्हणून केळीच्या पानावर वाटे घालून घरोघर पाठवलं. त्रेसष्ट घरं. आमच्या घरीसुद्धा वाटा आला! रिवाज म्हणजे रिवाज. मी तो उचलून कुत्र्यांपुढं फेकला. सासू म्हणाली, "डुकरानं काय गुन्हा केला होता गं?" आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण डुकराचं दुःख मी गिळलं असतं. खरा घाव पुढं बसला. कापलुआंगा चर्चचा ढोल वाजवायचा. दारू सोडली त्या आठवड्यात पाळकांनी स्वतः त्याच्या हातात काठी दिली होती, आणि तेव्हापासून तो माणसांत आला होता. बोलायला न येणारा माणूस तो. जे बोलायचं ते काठीनं बोलायचा. शनिवारी रात्री सगळी मंडळी गात गात गोल फिरू लागली, की मध्ये उभं राहून त्या सगळ्यांना तो धरून ठेवायचा. सभेहून परतल्यावर पहिल्याच रविवारी उपा हरांगछुना उठले आणि म्हणाले, ज्याच्यावर गावानं दोष ठेवला आहे त्यानं मन शुद्ध होईपर्यंत ढोलाला हात लावू नये. काठी काढून घ्यायला ते स्वतः खाली उतरले. कापलुआंगानं ती दोन्ही हातांनी दिली, मोठ्या माणसाला द्यावी तशी. मग तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

मला तेव्हा उठून ओरडायला हवं होतं. मी उठले नाही. तो राग मी पुढं पाच महिने पोटात वागवला, आणि पोटातलं पोर वाढतं तसा तो वाढला.

एप्रिल सगळा काळी दांडकी ओढण्यात गेला. ज्यांची शेतं नीट जळली होती ते टोकणी करून मोकळे झाले, आणि आम्ही अजून अर्धवट जळके बांबू ढीग करून पुन्हा पेटवत होतो. जळका बांबू चिरला की त्याची कड पात्यासारखी लागते. रेमीच्या हातावर इतके ओरखडे झाले की ती जेवताना भाताचा घास डाव्या हातानं घ्यायची. घामात राख मिसळून अंगावर खरूज उठली. संध्याकाळी टोपलीत लाकूड भरायचं, टोपलीचा वेताचा पट्टा कपाळावर घ्यायचा, आणि मान पुढं काढून दीड तासाचा चढ चढायचा. वाटेत बायका भेटायच्या. "दमलात ना, रेमीची आई," म्हणायच्या. आमच्या डुकराचा वाटा खाल्लेल्या बायका. मी म्हणायचे, "नाही, हवा खायला गेले होते."

कापलुआंगा दिवसभर चार शब्द बोलायचा नाही. पूर्वी जेवण व्हायची वाट बघताना त्याची बोटं ताटलीच्या कडेवर नाचायची. ती आता मांडीवर पडून असायची.

जूनमध्ये एका रविवारी पाळकांनी डोंगरावरच्या उपदेशावर प्रवचन दिलं. न्यायाची ज्यांना भूक लागते त्यांना प्रभू तृप्त करतो, असं ते समजावून सांगत होते. मी ऐकत होते. भूक मला माहीत आहे. दोन दुष्काळ बघितलेत. भुकेला माणूस डोळे मिटून गोड हसत बसत नाही, तो चिडलेला असतो. मी मनात म्हटलं, प्रभू, तृप्त करायचं तर लवकर कर. आणि त्या हरांगछुनाला माझ्या देखत मातीत घाल, म्हणजे माझं पोट लवकर भरेल.

प्रभूनं ऐकलं.

जुलैत तण काढायचे दिवस. रेमी आणि तिचा बाप त्या दिवशी गावात होते, कारण घराचं छप्पर गळत होतं. मी एकटीच शेतात गेले होते. चार दिवस पावसानं खंड दिला नव्हता, वरचा मोटारीचा रस्ता दरडीनं बंद होता. दुपारी काकड्या आणि मका टोपलीत भरून निघाले, तर खालच्या ओहळाकडून कण्हण्याचा आवाज आला. पायवाटेची कड तुटून खाली गेली होती, आणि तिथं बांबूच्या खुंटांत उपा हरांगछुना पडले होते. डावा पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळला होता. पोटरीत खुंट घुसला होता. लाल फीतवाली टोपी चिखलात उलटी पडली होती, आणि तिच्यात पाणी साचलं होतं.

"रेमीची आई," ते म्हणाले. ओठ निळे पडले होते. "देवानं पाठवलं तुम्हाला."

"देवानं पाठवलं असतं तर एखादं चांगलं माणूस पाठवलं असतं. मी आलेय."

मी टोपली खाली ठेवली, आणि समोरच्या दगडावर बसले. खोटं कशाला सांगू? बसले. पाऊस माझ्या मानेवरून आत उतरत होता.

"आग कुणाची?" मी विचारलं.

"काय?"

"मार्चमधली आग. कुणाची?"

"माझा पाय..."

"पाय दिसतोय मला. मी आगीचं विचारतेय."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता प्रार्थना सुरू करतील, आणि केली असती तर मी निघून गेले असते.

"माझी," ते म्हणाले.

"मोठ्यानं."

"माझी! मी लावली! सभेला जायचं होतं मला..." आणि म्हातारा रडायला लागला, नाकातोंडातून पाणी गाळत.

चार महिने मी याच शब्दासाठी तडफडले होते. आता तो आला, आणि ऐकायला होतं कोण? मी आणि ओहळ. शिवाय मोडक्या पायाचा म्हातारा, त्याला विचारलं असतं तर त्यानं गावातल्या सगळ्या आगी कबूल केल्या असत्या. माझी मलाच शिसारी आली. आणि त्याहून जास्त राग आला, की या माणसानं मला असंही करून ठेवलं.

"गप्प बसा आता," मी म्हटलं.

खुंट कोयत्यानं मुळाशी कापला, पोटरीतला तुकडा तसाच ठेवला. तो उपटला असता तर रक्त थांबलं नसतं, हे सासूकडून माहीत होतं. खुरप्याचा दांडा आणि एक बांबू पायाला दोन्हीकडून लावून डोक्याच्या फडक्यानं बांधला. ते किंचाळले. काकड्या, मका सगळं ओहळात ओतलं. टोपलीचा पट्टा सोडवला, माझी नेसूची लुंगी सोडून त्यांच्या मांड्यांखालून घेऊन पट्ट्यात अडकवली, पट्टा कपाळावर घेतला, आणि पोर पाठीला बांधावं तसा तो म्हातारा बांधून आतल्या परकरावर उभी राहिले. उभं राहताना मानेत काहीतरी कडकन वाजलं.

पावलापावलाला घसरत होते. हात टेकून, मुळं धरून चढत होते. माझ्या कानाशी त्यांचं पुटपुटणं सुरू झालं, हे पित्या, दयाळू पित्या.

"प्रार्थना नंतर. गच्च धरा," मी म्हटलं.

गावाच्या वेशीवर कापलुआंगा शोधायला येताना भेटला. त्यानं माझ्या पाठीवरचं ओझं आपल्या पाठीवर घेतलं.

रस्ता बंद, दवाखाना लांब. हाड बसवणारी गावात एकच, माझी सासू. तिनं आमच्याकडच्या म्हाताऱ्या धरतात तशी तंबाखूच्या पाण्याची गुळणी तोंडात धरली, पोटरीतला खुंट काढून जखम बांधली, दोन माणसांना खांदे धरायला लावले, आणि एका हिसक्यात पाय सरळ केला. बांबूच्या कामट्या बांधल्या. मग गुळणी थुंकून म्हणाली, "छुना, लहानपणीही तू झाडावरून पडला होतास. तेव्हाही सांगितलं होतंस की दुसऱ्यानं ढकललं."

पुढच्या रविवारी पाळकांनी उपांचा निरोप वाचून दाखवला. देवाचे आभार. देवदूतासारख्या धावून आलेल्या रेमीच्या आईचे आभार. सगळ्या मंडळीनं माझ्याकडं वळून बघितलं आणि आमेन म्हटलं. आगीबद्दल अक्षर नाही. मागच्या बाकावर कापलुआंगा मान खाली घालून बसला होता. ढोल एक पोरगा वाजवत होता, आणि गाणं पुढं, ढोल मागं, असं चाललं होतं.

घरी आले तर सासू पाट्यावर लेप वाटत होती. "ने. ताजा आहे तोवर."

"मी नाही नेणार. सडू दे त्याचा पाय."

तिनं गुळणी थुंकली. "सडला तर वास सगळ्या गावाला येईल."

"मला देवदूत म्हणाला तो! तोंड उघडून खरं बोलला नाही, आणि मला देवदूत म्हणाला!"

"मग काय डुक्कर म्हणायचं होतं?" सासू म्हणाली. "हे बघ, हाड सरळ बसवायचं काम माझं. माणूस सरळ बसवायचं काम ज्याचं आहे तो बघून घेईल. तू लेप ने."

मी नेला. रोज नेला. पण एक दिवस गोड बोलले असेन तर शपथ. पट्टी सोडायची, पू पुसायचा, लेप लावायचा, पट्टी बांधायची. उपांचा मुलगा पलटणीत, आसामकडं. घरात एकटी सून बिआकी, सातवा महिना लागलेली. सासऱ्याला परसाकडं उचलून न्यायला तिच्यानं होत नव्हतं, आणि ते तिनं करणं बरंही दिसत नव्हतं. म्हणून कापलुआंगा रोज माझ्याबरोबर यायचा. ज्याच्यावर आग ढकलली त्याच्याच गळ्यात हात घालून उपा परसाकडं जायचे. मला बघवत नव्हतं.

"तुम्हाला काही लाज?" मी नवऱ्याला वाटेत म्हटलं. "त्याचं ढुंगण धुता?"

"कुणीतरी धुवायला पाहिजे ना," तो म्हणाला.

ऑगस्ट लागला. एके दिवशी मी पट्टी बांधत होते, आणि कापलुआंगा दाराशी तांदळाच्या रिकाम्या डब्यावर टेकून थांबला होता. बाहेर पाऊस. त्याची बोटं डब्यावर वाजू लागली. त्याला कळतसुद्धा नव्हतं. आधी हळू, मग तळवा पडला, मग शनिवारच्या रात्रीचा तो ठेका, दोन जड आणि एक हलका. बिआकी चुलीपाशी हातातलं काम थांबवून ऐकू लागली. पाच महिन्यांनी मी तो ऐकत होते. माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली.

मग त्याचं त्यालाच कळलं. त्यानं हात झटकन उचलला, आणि चोरी करताना सापडल्यासारखा पँटला पुसला.

"थांबलास का?" उपांनी विचारलं.

"मनाई आहे ना," कापलुआंगा म्हणाला.

टोमणा नव्हता तो. टोमणा मारणं त्याच्या रक्तातच नाही. खरंच मनाई होती, म्हणून तो थांबला होता. उपांनी त्याच्याकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या दिवशी त्यांनी भात खाल्ला नाही, असं बिआकीनं नंतर सांगितलं.

त्या रविवारी त्यांनी कापलुआंगाला म्हटलं, "मला चर्चमध्ये ने." त्यानं नेलं. पुढं उपांच्या बाकावर बसवायला गेला, तर म्हणाले, तिथं नको, मंडळीसमोर खुर्चीवर बसव. पाळकांनी साक्ष द्यायला सांगितलं. लोकांना वाटलं, पाय बरा झाल्याची साक्ष.

उपा काहीतरी बोलले. आवाज त्यांच्या छातीतच राहिला. मागच्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, काय म्हणाला, काय म्हणाला? उपांनी मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"मोठ्यानं सांगतो," ते म्हणाले. "मार्चमधली आग माझी होती. पट्टा न झाडता मी पेटवली. संडेस्कूलचे कागद मी त्या दिवशी लिहीत नव्हतो. परिषदेत खोटं बोललो, चर्चमध्ये खोटं बोललो, आणि या माणसाच्या हातातली काठी मी काढून घेतली. त्यानं मला दोन्ही हातांनी दिली."

एवढंच. लांबलचक प्रार्थना नाही, रडणं नाही.

सोमवारी परिषद बसली. काय तो उत्साह! मार्चमध्ये ज्यांना आगीची दिशा कळत नव्हती, त्यांना आता सगळं कळत होतं. चर्चच्या पंचांनी उपांचं उपापण काढलं, ते ठीकच होतं. परिषदेनं दंड लावला, एक डुक्कर, आणि ते रेमीच्या बाबांच्या अंगणात कापायचं. दवंडीवाला त्याच वळणांवर थांबून हरांगछुनाचं नाव ओरडत गेला. मी दारात उभी राहून ऐकलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सकाळी ते आले. चार गड्यांनी बांबूला उलटं टांगून डुक्कर आणलं होतं. ते ओरडत होतं. मागून बिआकी, पोटावर हात धरून. बाळंतपणासाठी शहरात जायचं तर गाडी लागेल, म्हणून विकायला वाढवलेलं होतं ते. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. कुणी केळीची पानं आणली, कुणी मोठं पातेलं. बायका वाडगे घेऊन कुंपणाशी जमल्या. मी वाडग्यांकडं बघितलं. तेच वाडगे. कडा उडालेला निळा वाडगा मला आठवत होता. मार्चमध्ये परिषदेच्या घरापुढंही तो पहिला होता.

"झाला ना तुमचा न्याय, रेमीची आई," थानजाउआ हसत म्हणाला आणि सुरा घासू लागला.

माझ्या डोक्यात सणक गेली.

"सुरा खाली ठेवा."

"अहो, दंड आहे..."

"खाली ठेवा! आग खालून वर जाते, हे ज्याला मार्चमध्ये माहीत नव्हतं त्यानं हात वर करावा."

कुणी हात वर केला नाही. डुक्कर तेवढं ओरडत होतं.

"सगळ्यांना माहीत होतं. हरांगछुना एकटे खोटं बोलले, आणि तुम्ही त्रेसष्ट घरांनी ते शिजवून खाल्लं. आता त्याच आगीवर पुन्हा जेवायला आलात! एका वणव्याची दोन डुकरं पाहिजेत होय तुम्हाला?"

"नियम आहे तसा," थानजाउआ म्हणाला. आवाज उतरला होता.

"नियम मार्चमध्येही होता. तेव्हा त्याला बरं पाणी पाजलंत." मी कोयता घेतला. थानजाउआ दोन पावलं मागं सरकला, गाढव. मी डुकराच्या पायांची दोरी कापली. ते पडलं, उठलं, आणि चिखल उडवत आपल्या घराच्या दिशेनं पळालं. बिआकी त्याच्यामागं निघाली, मग वळली, माझ्याकडं बघितलं. "जा," मी म्हटलं, "पाय सांभाळून जा."

"आणि तुमची भरपाई?" कुणीतरी विचारलं.

"माझी भरपाई तुमच्या पोटात आहे. ज्यानं ज्यानं माझ्या डुकराचा वाटा खाल्ला, त्यानं एक दिवस माझ्या शेतात येऊन तण काढायचं. स्वतःचं खुरपं, स्वतःचा डबा."

त्रेसष्टांपैकी एकतीस घरं आली. बाकीच्यांना अजून जमलेलं नाही. थानजाउआ सगळ्यांत शेवटी आला, कोरं करकरीत खुरपं घेऊन, आणि दुपारी बारालाच कंबर धरून घरी गेला. पीक नेहमीच्या अर्ध्यावर आलं. रेमीचं लग्न पुढच्या सालावर गेलं. पण काठी परत आली. पाळक घरी येऊन देऊन गेले, आणि कापलुआंगानं ती दोन्ही हातांनी घेतली.

उपा मात्र चर्चला येईनात. पाय दुखतो म्हणून निरोप. पाय दुखत नव्हता, मला माहीत होतं, पट्टी मीच बांधत होते. तिसऱ्या रविवारी पहिली घंटा झाली तशी मी टोपलीचा पट्टा घेतला आणि त्यांच्या घरी गेले.

ते कोपऱ्यात बसले होते. दाढी वाढलेली.

"उठा. चर्चला."

"मला नाही यायचं. लोक बघतात."

"रेमीचे बाबा पाच महिने मागच्या बाकावर बसून बघून घेत होते. तुम्हीही बसा. जागा मोकळी आहे."

वरून, चर्चकडून, ढोल वाजू लागला. दोन जड, एक हलका. गाणं आता मागं पडत नव्हतं.

"रेमीची आई," ते म्हणाले, "माझ्यावरचा राग गेला का गं तुझा?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला असं एकेरीत म्हणाले, घरच्या बाईला म्हणावं तसं. मला ते गोड लागलं, आणि त्याचाही मला रागच आला.

"नाही गेला," मी म्हटलं. "रोज सकाळी उठते तेव्हा असतो. गेला की सांगेन तुम्हाला. तोवर बसा पाठीवर."

मी वाकले. पट्टा कपाळावर घेतला. ते बसले. चढाला लागलो तसं माझ्या कानाशी पुटपुटणं सुरू झालं, हे पित्या, दयाळू पित्या.

"गच्च धरा," मी म्हटलं.